मनगटाची दोरी

आमच्या दारात ती फटफटी आली ती बैलगाडीत बसून आली. चालवत आनता येत न्हवती. तिला दिवा न्हवता, भोंगा न्हवता, मागं बसायला जागा न्हवती आन ब्रेक तर न्हवताच. मोडला न्हवता, मुळातच न्हवता. आत्याबाई, म्हंजी माज्या सासूबाई, भाकरी थापायच्या थांबल्या आन पिठाचं हात तसंच धरून दारात आल्या.

म्हनाल्या, "मग थांबवायची कशी रं?"

हे हसले. "थांबवायची न्हाईच, आई. नुसती घुमवायची."

"मंजी घाण्याचा बैल की. मग बैलच का न्हाई ठेवत? त्यो शेन तरी देतो."

माजं लग्न होऊन तवा दीड वरीस झालं व्हतं. मी कोळवणच्या खोऱ्यातली, चौथीपातुर शिकलेली, पुढं वडलांनी शाळा बंद केली. सासरी हे आन आत्याबाई एवढीच मानसं. मामंजी माज्या लग्नाआदीच गेले व्हते. हे धरनावरच्या वर्कशॉपात इंजनं दुरुस्त करायचे. घरची चार खाचरं आत्याबाई आन मी बघायचो. आमचं बरं चाललं व्हतं. खरंच बरं चाललं व्हतं, हे मी आता लिहितेय तवा कळतंय, तवा मला वाटायचं की आपल्याला काय बी नीट मिळालं न्हाई.

फटफटी वर्कशॉपातल्या गोऱ्या सायबाची व्हती. सगळे सायेब मायदेशी गेले तरी ह्यो एक राहिला व्हता. त्याचा डावा पाय आखूड, चालताना सगळं अंग एका बाजूला कलायचं. बायको न्हाई, पोर न्हाई. तो तिकडं त्याच्या मुलखात फटफटीच्या शर्यती खेळायचा. रस्त्यावरच्या न्हाईत. गोल रिंगन असतं, कोळशाची राख अंथरलेली, चार गडी, चार फेरं, आन वळायचं ते कायम डावीकडं. ब्रेक न्हाई म्हनून वळनावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आन डावा पाय जमिनीला टेकवून त्याच्यावर सगळी गाडी तोलायची. हे मला ह्यांनी चुलीपुढं राखेत बोट फिरवून दाखवलं व्हतं.

सायबाची सगळी हकीकत ह्यांना पाठ व्हती. सतरा वर्षांचा असताना कोळशाच्या वखारीत कामाला व्हता, तितंच राखेवर शिकला. मग त्याच्या गावच्या संघानं त्याला घेतला, छातीवर पक्ष्याचं चित्र असलेलं कापड बांधून तो पळायचा, संध्याकाळी विजेच्या दिव्याखाली हजारो मानसं बघायला यायची, गिरनीतल्या बायका सुद्दा यायच्या. लढाई लागली, रिंगनं बंद पडली, लढाई सरली, परत चालू झाली. मग एकदा पडला आन खुबा मोडला. त्यानंतर तिकडचे पाच-सहा गडी हिकडं खेळ दाखवायला आले, दोन महिन्यांसाठी, त्यांच्या गाड्या बघायला ह्यो आला. बाकीचे गेले, ह्यो इंजनाचं काम धरून राहिला. त्याच्या बंगल्यात चांदीचे पेले हायेत, मी एकदा ताक द्यायला गेले तवा बघितले. तिकडच्या मोठ्या लोकांनी दिलेले बक्षिसाचे पेले, आन ह्यानं त्यांच्यात नट-बोल्ट भरून ठेवलेले.

ह्यांना तो "पोरा" म्हनायचा. दोघं मिळून ती जुनी गाडी खोलायचे, जोडायचे. उन्हाळ्यात धरनाचं पानी माघारी गेलं की खालची जमीन उघडी पडती, कडक, भेगाळलेली. तितं त्यांनी चुना मारून रिंगन आखलं. आत्याबाई शेळीला चारा आनायला गेल्या आन तशाच तरातरा माघारी आल्या.

"मेल्या, तुज्या आज्याचं खाचर हाय ते! धरनानं गिळलं तवा म्हातारा आठ दिवस जेवला न्हवता. त्याच्यावर तू फटफटी नाचवतोस?"

हे म्हनाले, "आज्याला सांग, खाचर परत कामाला आनलंय."

आत्याबाईंना हसू आलं, पन त्यांनी तोंड फिरवलं.

डाव्या पायाला लोखंडाचा तळ लागतो, न्हाईतर बुटाचा चुरा होतो. लोहारानं तो जुन्या नांगराच्या फाळापासनं बडवून दिला. हे तो बांधून घरात चालून बघायचे, एक पाय गप्प, एक पाय खन्न, आन माजी सारवलेली जमीन उकरली जायची. आत्याबाई म्हनायच्या, "बैलाला नाल ठोकत्यात, ह्यानं सोताला ठोकून घेतला." मी परत सारवायचे. मला राग यायचा आन बरं बी वाटायचं, कारन तो आवाज आला म्हंजी मानूस घरात हाय.

गाडीत एरंडेल घालायचे, साधं तेल चालत न्हाई म्हनं. ते जळाल्याचा वास ह्यांच्या केसाला, सदऱ्याला, उशीला. लहान पोराचं पोट साफ करायला देतात ते एरंडेल. आमच्या घरात पोर न्हवतं आन वास मातुर पोराचा.

पोर राहिलं व्हतं, ते चौथ्या महिन्यात गेलं. जेष्ठात, लावनीच्या आदी. मी कुनाला काय बोलले न्हाई. मला तवापासनं सगळ्याचंच भ्या वाटायला लागलं. भांडं पडलं तरी छातीत धस्स व्हायचं. परत दिवस गेले तवा आत्याबाई डोंगरावरच्या देवीला अनवानी गेल्या आन दोरा आनला. आमच्याकडं अशी रीत हाय की एकदा पोट पडलेल्या सुनेच्या कमरेला देवीचा दोरा बांधायचा, कच्च्या सुताचा, हळदीत पिवळा केलेला, आन त्याला सात गाठी सासूनं सोताच्या हातानं मारायच्या. बाळंत होईस्तवर सोडायचा न्हाई. आत्याबाईंनी गाठी मारल्या, हरेक गाठीला एकेका देवाचं नाव घेतलं आन सातव्या गाठीला गप्प राहिल्या. मी म्हनलं, हिला कुनाचं नाव घेतलं? म्हनाल्या, "ती माजी हाय. तू गप बस."

 मला त्यांचा लई आधार वाटला त्या दिवशी.

दिवाळी झाल्यावर पुन्याला लष्कराच्या बाजूला एका मैदानावर रिंगन केलं. आगगाडीच्या इंजनांची राख टरकांनी आनून पसरली. सायबानं ह्यांचं नाव दिलं. आत्याबाई आन मी यष्टीनं गेलो, फळ्यांवर बसलो. पुढं एक फीत ताणलेली, चार गाड्या नाक लावून उभ्या, त्या अशा थरथरत व्हत्या की मला वाटलं पेटनार. सायेब लंगडत ह्यांच्याजवळ गेला आन ह्यांच्या उजव्या मनगटाला एक चामड्याची दोरी अडकवली, दुसरं टोक गाडीच्या इंजनाला. मग फीत वर उडाली आन चारी गडी आमच्या समोरनं गेले, राख आमच्या केसांत, तोंडात, आत्याबाईंच्या नऊवारीवर. वळनावर ह्यांची गाडी आडवी झाली, आता पडले, आता पडले, पन पडले न्हाईत, तसंच आडवं होऊन पाय घासत गेले. लोक बोंबलत व्हते. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या, पदर खाली गेलेला, आन ओरडल्या, "पळ रं माज्या वाघा!" घाण्याचा बैल म्हननारी हीच बाई.

हे पयले आले. मी वकले. पोटामुळं न्हाई. मला ती दोरी दिसत व्हती. नवसाचा बोकड देवळाकडं न्हेतात तवा त्याला नवं दावं लावतात, आन तो बिचारा हार घालून ऐटीत चालतो. माज्या डोळ्यांपुढनं ते जाईना.

घरी आल्यावर म्हनलं, "आवं, ते दावं बांधू नका."

"दावं? अगं येडे, तीच तर मला वाचवते. पडलो की ती दोरी वढली जाते, इंजनाची खुट्टी निघते आन इंजन गप होतं. न्हाईतर मी खाली आन गाडी मोकाट, येऊन माज्यावरच बसायची."

"एवढीशी दोरी वाचवते?"

"एवढीशीच. सायेब म्हनतो, रस्सी नहीं तो रिंग में नहीं. तिच्याबिगर कुनाला आत सोडतच न्हाईत."

हे त्यांनी मला सांगितलं व्हतं. मी अडानी व्हते म्हनून मला ठावं न्हवतं असं कुनी म्हनू नये. मला समदं सांगितलं व्हतं.

त्या हंगामात हे पाच डाव खेळले, तीनदा पयले आले. मी परत बघायला गेले न्हाई. घरी बसून मी फेरं मोजायचे, तितं काय चाललंय ठावं नसताना हितं मोजायचे, एक, दोन, तीन, चार, परत एक. संध्याकाळी खन्न असा आवाज अंगनात आला की मग मी उठून चूल पेटवायचे.

शिमग्याच्या आदी सायेब घरी आला, ओट्यावर बसला, च्या पिला. तिकडचा एक मोठा मानूस येनार व्हता, दोन गडी निवडनार व्हता, बोटीनं न्हेनार व्हता, एक उन्हाळाभर खेळायला. सायबाचं तोंड असं फुललं व्हतं जसं त्यालाच न्हेनार हायेत. म्हनला, "पोरा जाएगा. मेरा रिंग देखेगा. मेरा गाँव देखेगा."

सायेब गेल्यावर मी म्हनलं, "आन माजं बाळंतपन?"

"आई हाय की. मी दिवाळीच्या आत माघारी येतो."

"सायेब बी दोन महिन्यांसाठीच आला व्हता."

हे उठले. मग म्हनाले, "लागलं तुजं बोलनं." आन बाहेर गेले. पन आत्याबाई भितीला टेकून बसल्या व्हत्या, त्या म्हनाल्या, "जाऊ दे गं त्याला. ह्या घरातलं कोन कुटं गेलंय आजवर? पान्याखाली न्हाईतर मातीखाली." मला वाटलं त्या तरी आडवतील. मी एकटीच पडले.

निवडायचा डाव शिमग्यानंतरच्या आयतवारी. मला सातवा सरत आलेला. आठ दिवस मी जेवन करायचे आन मला चव कळायची न्हाई. तिकडं बोटीत जातील, तिकडं त्या दिव्यांखाली पळतील, पडतील, आन मला पत्र यील इंग्रजीत आन ते सायबाकडं न्हेऊन वाचून घ्यावं लागंल, असलं काय काय मनात यायचं. आन मग ते वाक्य यायचं, रस्सी नहीं तो रिंग में नहीं.

आयतवारी सकाळी हे नदीवर आंगुळीला गेले. आत्याबाई गोठ्यात. ह्यांची कापडी पिशवी खुंटीला. मी उघडली. वर चामड्याचा कोट, खाली लोखंडी तळ, बाजूला ती दोरी, पितळेची कडी लावलेली, घामानं काळी झालेली. मी ती काढली आन कनगीत कोपरापातुर हात घालून भातात खोल दाबली. दोरी न्हाई म्हंजी आत सोडनार न्हाईत. चिडतील, घरी येतील, ताट फेकतील, फेकू देत.

एवढंच केलं असतं तर आज हे असते.

पन मला भ्या वाटलं. समजा कुनी दुसरं कायतरी बांधून आत सोडलं तर? मग ह्यांना वाचवायला काय हाय? मला वाटलं, चामड्याच्या दोरीत एवढी ताकद असंल तर देवीच्या दोऱ्यात किती असंल. तिनं माजं पोट सात महिनं धरून ठेवलंय, ती ह्यांना चार फेरं धरनार न्हाई? मी लुगडं सैल केलं, कमरेचा दोरा सोडला. बाळंत व्हायच्या आदी सोडायचा न्हाई हे ठावं व्हतं. मी पोटावर हात ठेवून म्हनलं, आजच्या दिवस तू सोताला संभाळ. मला जे काय भ्या व्हतं ते पोटाचंच व्हतं, बघा. ह्यांचं भ्या त्या घटकेला गेलं व्हतं. दोऱ्याची गुंडाळी केली आन दोरीच्या जागी ठेवली.

हे आले, पिशवी उचलली, म्हनाले, "काय आनू पुन्यासनं?"

मी म्हनलं, "काय नको. लवकर या."

"लवकरच तर जायचं असतं रिंगनात," म्हनाले, आन आत्याबाईंच्या पाया पडून गेले.

मी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, सुक्या मासळीचं कालवन केलं, त्यांना आवडतं म्हनून, रागावून आले तरी वासानं निवतील म्हनून. काय बोलायचं ते बी ठरवलं. म्हननार व्हते, मारा मला, पन पोर झाल्यावर मारा. ऊन भितीवरनं उतरलं तवा जीपचा आवाज आला. ह्यांना सोडायला सायेब जीपनं आला असंल, मला वाटलं, म्हंजी आत सोडलं न्हाई, म्हंजी जमलं. मी हसत बाहेर गेले. मी हसत गेले व्हते हे सायबानं बघितलं.

काय झालं ते दवाखान्याकडं जाताना जीपमधी सायबाकडनं कळलं. ह्यांनी दोरी शोधली, मिळाली न्हाई. नाव पुकारलं गेलं. दारावरचा मानूस फकस्त मनगटाकडं बघायचा, कायतरी बांधलंय का. ह्यांनी माजा दोरा दुहेरी केला आन बांधला, आन आत गेले. तिसऱ्या फेऱ्याला पयले व्हते. वळनावर चाक सुटलं, पडले. पडनं काय, कैक वेळा पडले व्हते. दोरा तुटला. खुट्टी निघाली न्हाई. इंजन चालूच, गाडी आडवी पडून राखेत गरगर फिरली आन फिरत येऊन ह्यांच्या पोटावर बसली.

पुन्याच्या मोठ्या दवाखान्यात चार दिवस व्हते. पयल्या दिवशी मला आत सोडलं न्हाई, पोटुशी म्हनून. दुसऱ्या दिवशी सोडलं. आत्याबाई पानी आनायला गेल्या तवा ह्यांनी डोळं उघडलं.

"दोरी कुटं हाय गं?"

"कनगीत."

 मग म्हनाले, "उंदरं खातील की चामडं."

मी रडायला लागले. म्हनाले, "गप. ऐक. मी सायबाला सांगितलंय, जुनी झाली व्हती, वाटंत कुटंतरी पडली, मीच मिळंल ते बांधलं. आईला बी तेच सांगितलंय. तू काय बोलू नगंस."

"तुमी का बांधलात? तुमाला ठावं व्हतं ना तुटनार."

"तुज्या कमरंचा व्हता. ऊन व्हता आजून." मग दम लागला. "वाटलं, राहील चार फेरं. तीन राहिला."

चौथ्या दिवशी सकाळी गेले. मी बाहेर बाकड्यावर बसले व्हते, आत्याबाई आत व्हत्या. त्यांचा आवाज आला आन मी कानावर हात ठेवले.

तेराव्याला सायेब आला. ओट्यावर बसला न्हाई, उभाच राहिला, कललेला. खिशातनं काड्याची पेटी काढून आत्याबाईंच्या हातात दिली. तिच्यात तो दोऱ्याचा तुकडा. राखेतनं उचलला व्हता. त्याला वाटलं असंल मानसाच्या अंगावरची वस्तू हाय, घरी द्यावी. म्हनला, "माई, मेरा कसूर. हर बार मैं बाँधता था रस्सी. उस दिन बड़े साहब से बात करता था. मैं नहीं देखा." आन रडला. एवढा थोराड मानूस, टोपी हातात घेऊन, नाकातनं पानी गळत.

मी दाराआड व्हते. मी तोंड उघडलं. एक पाऊल टाकलं तर सांगता आलं असतं. सायेब, तुमचा कसूर न्हाई. एवढं. मी दाराआडच राहिले. आत्याबाईंनी पेटी मिटली, कमरेला खोवली आन त्याला म्हनाल्या, "बस बाबा. पानी पी."

तो दोन महिन्यांनी त्याच्या देशी गेला. ती फटफटी धरनाच्या पान्यात ढकलली म्हनं जायच्या आदी. मी बी भात काढायच्या निमतानं कनगीतनं दोरी काढली व्हती आन तितंच पान्यात टाकली. तो मानूस तिकडं त्याच्या गावात अजून म्हनत असंल, मी न्हाई बघितलं. त्याचा पत्ता माज्याकडं न्हाई. असता तर मी लिहिलं असतं का, ते मला खरंच सांगता येत न्हाई.

मुलगी झाली. पुरे दिवस भरून, दोरा नसताना, चांगली गुटगुटीत. आत्याबाईंनी माजं बाळंतपन असं केलं की सख्ख्या आईनं करावं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, रोज आंगुळ. माहेरचे न्ह्यायला आले तर म्हनाल्या, "माज्या पोराची निशानी हाय ती, हितंच राहील." ताटात मला आदी वाढायच्या. मी घास घ्यायचे आन तो उतरायचा न्हाई, कारन ह्या बाईला ठावं न्हाई मी कोन हाय ते. तीन वर्षं मी असं जेवले.

गेल्या पावसाळ्यात पोरीला खोकला झाला, डांग्या. निळी पडायची, श्वास मिळायचा न्हाई. डॉक्टरची सुई चालू व्हती, पन आत्याबाई डोंगरावर गेल्या आन भिजत माघारी आल्या. मुठीत दोरा. पिवळा. पोरीला मांडीवर घेऊन गळ्यात बांधायला लागल्या. मला काय झालं ठावं न्हाई. मी तो हिसकला आन चुलीत टाकला.

"अगं! देवीचा हाय!"

"असू दे देवीचा! तुटतो तो! तुटतो, आत्याबाई! मीच बांधायला दिला व्हता ह्यांना, मीच चामड्याची काढली, मीच कनगीत लपवली, जाऊ नयेत म्हनून, मीच!"

एका दमात सगळं बाहेर पडलं, सकाळची पिशवी, कमरेचा दोरा, दवाखाना, सगळं. पोरगी भेदरून रडायची बी थांबली. आत्याबाई चुलीकडं बघत व्हत्या.

मग म्हनाल्या, "ठावं हाय मला."

मला वाटलं मी नीट ऐकलं न्हाई.

"सायबानं पेटी दिली तवाच. गाठी माज्या हातच्या व्हत्या. सोताच्या हातची गाठ कळत न्हाई व्हय बाईला?"

"मग बोलला का न्हाई?"

"तू पोटुशी व्हतीस."

"आन नंतर?"

"अंगावर पाजत व्हतीस."

"आन मग?"

त्यांनी पोरीचं नाक पदरानं पुसलं. लई येळ पुसत राहिल्या. म्हनाल्या, "मग काय. तू बोलत न्हवतीस, मी बोलत न्हवते. मला वाटायचं, माजीच चूक झाली असंल, गाठी सगळ्या सारख्याच दिसतात. तू बोलली न्हाईस तवर मला तुज्यासंगं राहता येत व्हतं. कशाला बोललीस गं?"

मी त्यांचं पाय धरले. त्यांनी पाय वढून घेतले न्हाईत, हात बी ठेवला न्हाई.

पोरगी बरी झाली. आत्याबाई मला घालून-पाडून बोलत न्हाईत, कुनाला काय सांगितलं बी न्हाई. खाचरात आमी दोघी एका वळीत लावनी करतो. पोरीला त्या तशाच कडेवर घेतात. फकस्त त्या दिवसापासनं माज्या हातची भाकरी खात न्हाईत. माजं झालं की चुलीपुढं बसतात, सोताच्या दोन भाकऱ्या थापतात, आन भितीकडं तोंड करून खातात. पोरगी दोघींच्या मधी बसती. एक घास हितला खाती, एक तितला. तिला वाटतं सगळ्यांच्या घरी असंच जेवतात.